निम्म्या बांधांचं खाचर

बेडशाला माझं आजोळ. उतारावर वर एक आणि खाली एक, अशी भाताची दोन खाचरं आजोबांची. जाण्याआधी ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वरचं पोराला. पोरीला त्याच्या निम्मं द्या." पोरगी म्हणजे माझी आई आणि पोरगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा मामा.

मामानं आईला खालचं खाचर दाखवलं. "आक्का, बरोब्बर निम्मं हाय. माझ्यावर इसवास नको ठिवू, तूच मोज." आणि कासरा आमच्याच हातात दिला. आमच्याकडे शेत मोजायचं ते बांधाच्या लांबीवरून. दोन्ही खाचरांचा आकार अगदी सारखा, एका बाजूनं तसाच तिरपा. दोरीचं दुसरं टोक धरून मी खालच्या-वरच्या सगळ्या बांधांवरून फिरले. खालचा प्रत्येक बांध वरच्याच्या निम्मा भरला. आईला खाचर जरा लहान वाटत होतं, पण स्वतः मोजलेलं खोटं कसं म्हणायचं? तिनं बाकीच्या हक्कावर सही करून पाणी सोडलं आणि भावाचे गोडवे गात आम्ही उर्शाला घरी आलो.

शाळा सुरू झाली. आठवीत बाईंनी चौकटींच्या कागदावर मनाला येईल ती आकृती काढायला लावली. मग तशीच दुसरी, प्रत्येक बाजू दुप्पट करून. मी मोठ्या हौसेनं आमची दोन खाचरं काढली. "या समरूप आकृत्या. आकार तोच, माप वेगळं. आता आतल्या चौकटी मोजा," बाई म्हणाल्या. मी मोजल्या. चुकलं असेल म्हणून परत मोजल्या. बाजू दुप्पट, पण चौकटी चौपट! वर्ग पुढच्या गणिताकडे गेला, मी तिथंच बसून राहिले. म्हणजे आईला निम्मं नाही, पाव मिळालं होतं.

तरी मामावर मी तसूभरही संशय घेतला नाही. बेडशाच्या लेण्यांच्या पायऱ्या मला खांद्यावर बसवून चढणारा माझा मामा! आमच्यासारखाच तोही फसला, एवढंच. आईला काही बोलले नाही. लावणीला गेल्यावर त्याला कागद दाखवायचा, तो कपाळावर हात मारून घेईल आणि वरच्या खाचरातला तुकडा आईला तोडून देईल, असं मी ठरवूनच टाकलं.

लावणीला गेलो तेव्हा मामा उपटलेल्या रोपाच्या मुठी वाटत होता. आईकडे छोटासा ढीग सरकवत तो म्हणाला, "माझ्या चौथाई रोप बास तुला."

"निम्म्या खाचराला चौथाई कसं पुरंल रं?"

"पुरंल की. दरसाली तेवढंच लागतंय."

दरसाली! दोन्ही खाचरं वर्षानुवर्षं हाच तर लावत होता. रोप पुरलं, अगदी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. आई भाबडेपणानं म्हणाली, "बघ, हाताला बरकत हाय माझ्या." मला रडू आवरेना. चिखलातच उभी राहून मी मामाला मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं.

तो ओहोळावर पाय धुवायला गेला तशी मी मागोमाग गेले. दप्तरातून आणलेला कागद त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, "मामा, तुला माहीत होतं."

त्यानं कागद पाहिला. चिडला नाही, ओशाळलाही नाही. उलट कौतुकानं हसला. "साळंत शिकवत्यात व्हय ह्ये? लय हुशार झालीस, पोरी. तुझी आई शिकली असती तर तिलाबी तवाच कळलं असतं."

आईची शाळा तिसरीतच सुटली होती. आजी-आजोबा शेतावर जायचे आणि घरातलं तान्हं पोर सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. ते पोर आता माझ्यासमोर उभं राहून हसत होतं.