मी लिहिलेला शेरा

तो हात मिळवत नसे. बोटांची टोकं तुमच्या बोटांना जेमतेम टेकवायचा आणि नमस्काराचं "क्विरा" म्हणायचा, तेही इतक्या हळू की आपल्यालाच कमी ऐकू येतं असं वाटावं.

माणूस मेक्सिकोच्या डोंगरातला. जग त्यांना ताराहुमारा म्हणतं, ते स्वतःला रारामुरी. सिंगापूरच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात माझ्या हाताखाली पाइपांचं वेल्डिंग करायचा. ताराहुमारा दिवसदिवस धावतात, हे आमच्या मराठी रनिंग ग्रुपला कळलं, मग काय! रविवारी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर यायचं बोलावणं गेलं. आम्ही नाडी मोजणारी घड्याळं बांधून सज्ज. हा बेटाच्या दुसऱ्या टोकाहून, वुडलँड्सहून बस बदलत, कामाचे बूट घालून आला.

"कुठे पोचायचंय?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही. फिरून परत इथंच."

"मग मी आहेच की इथं," म्हणत तो बाकावर बसला.

नाश्त्याला मात्र त्याने आमच्या सेक्रेटरींच्या ताटलीपुढे हात केला. "कोरिमा."

"अगंबाई, हा मागतोय की काय!" एक वहिनी कुजबुजल्या.

त्याने समजावलं. आपल्याकडे नसेल तर मागायचं, असेल त्याने द्यायचं. त्यात आभार कसले? स्वतः आणलेलं भाजलेल्या मक्याचं पीठही तो दिसेल त्याच्या हातावर ठेवत पुढे गेला. अन्नदानाचे फोटो ग्रुपवर टाकणारे आम्ही खो खो हसलो.

यार्डातही तो जेवताना असाच कुणाच्याही डब्यापुढे हात करी. त्याच्या कामाच्या परवान्याची, पासची मुदत संपत आली. त्याची मुलगी तिकडे नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. "माझा पास वाढवून मिळेल ना, साहेब?"

"बघू या," मी म्हणालो. आणि ऑफिसने विचारल्यावर शेरा लिहिला : काम उत्तम, पण लोकांकडे मागून खातो, यार्डाची शोभा होते.

पास वाढवून मिळाला नाही. ग्रुपला मी सांगितलं, "डोंगराची ओढ, दुसरं काय!" सगळे हळहळले. एकाने व्हॉट्सॲपवर कविता टाकली. मी तिला अंगठा दिला. आज सत्तरी उलटल्यावर सांगतो, ओढबीढ काही नव्हती. त्याला मी घालवलं.

शेरा ऑफिसने त्याला वाचून दाखवला होता. शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये तो माझ्यासमोर बसला. पुढ्यात काही नाही. हात मांडीवर. मी पोळीभाजीचा डबा त्याच्याकडे सरकवला. त्याने डब्याकडे पाहिलं, उठला, नळाचं पाणी प्यायला आणि कामावर गेला. सुट्टी व्हायला अजून चार तास होते.