आमच्या खळ्यावरचं बियाणं

सन एकोणीसशे बावन्न, माझं वय तेव्हा चोवीस. शाळा दुसरीतच सुटलेली, पण भातातलं मला कुणी शिकवावं हे खपत नव्हतं. अजूनही खपत नाही.

मलकापूरच्या अलीकडं आमचं गाव. गावाची रीत अशी, की ज्याचं भात चांगलं त्याच्या खळ्यावरनं सगळ्यांनी बियाणं न्यायचं, पायलीला पायली आपलं भात देऊन. आजोबांपासून लोक आमच्याच खळ्यावर यायचे. त्या मानावर माझा फार जीव.

बांधापलीकडं धाकट्या चुलतभावाचं शेत. आमचंच बी नेऊन त्यानं लावलेलं. श्रावणात पावसानं उघडीप दिली, फुटवे जोरात होते, आणि ह्यानं भरल्या वाफ्यातलं पाणी सोडून दिलं. चिखल आटला, भेगा पडल्या, भात पिवळसर दिसायला लागलं. माझ्या वाफ्यात घोट्याच्या वर पाणी आणि भात काळंभोर हिरवं.

मी बांधावरनं विचारलं, "भात लावलंयस का जोंधळा?"

"मुळ्या खाली जाऊ देत की दादा. पाणी वरच्यावर मिळालं तर त्या कशाला खाली जातील?"

हे मी पारावर सांगून चारचौघांना हसवलं.

गणपती गेले आणि वाऱ्यापावसानं झोडपलं. माझं हळवं, लवकर येणारं भात लोंब्यांसकट पाण्यात आडवं झालं. त्याचं जरा कललं, पण उभं. ते उभं भात बघून तसाच घरी आलो.

बायकोला म्हणालो, "त्यानं बी बदललं असणार."

"बदलंल कशाला? तुमीच मापून दिलंसा की," ती म्हणाली.

दुपारी सरळ त्याच्या शेतात उतरलो. त्याच्या देखत एक ठोंब उपटायला गेलो, तर एका हातानं हलंना. दोन्ही हातांनी, टाच रोवून ओढला, तेव्हा मातीचा गड्डा घेऊन आला. लांब, जाड मुळ्या आणि खाली तुटून राहिल्या त्या वेगळ्याच. मग बांध ओलांडून माझा ठोंब धरला. तो नुसता हाताला आला. मुळ्या काळ्या, आखूड, वरच्यावर पसरलेल्या.

बांधावर गावातला एक म्हातारा उभा होता. भावाला म्हणाला, "औंदा बियाणं तुझ्याकडनं रं."

"बी दादाच्याच घरचं हाय, आबा," भाऊ म्हणाला.

शिवी दिली असती तरी एवढं झोंबलं नसतं.

खालच्या वाफ्यात माझं गरवं, उशिरा येणारं भात होतं, अजून पोटरीला न आलेलं, लोंबी न धरलेलं, पाण्यानं तुडुंब. तेही आडवं झालं तर आमच्या खळ्यावर कोण येणार होतं? मुळ्या खाली जायच्या तर त्या वाफ्याचं पाणी काढायला हवं होतं, आणि त्याला वाट एकच, भावाच्या शेतातनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोरं खांद्यावर टाकून त्याच्या दारात गेलो. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. बाहेरनंच म्हणालो, "तुझ्या शेतातनं पाणी सोडतोय." सोडू का, असं विचारलं नाही.