शिडीवर माणूस नव्हता

१२ जून २०१४, गुरुवार. करारातले सात लाख छत्तीस हजार चारशे रुपये शुक्रवारच्या प्रात्यक्षिकावर अडकले होते. कार्यालयात सगळे ज्यांना ताई म्हणत, त्या पन्नाशीच्या बाईंना मात्र रकमेपेक्षा आपल्या सहा महिन्यांच्या कामाचा घोर लागला होता.

काम असे होते. क्रेन चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेसाठी संगणकाच्या आत दुसरा, नकली संगणक उभा केला होता. त्यातला कॅमेरा नकली, पडदाही नकली. दोघांना चालवणारे दोन प्रोग्राम होते, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. पूर्वी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर मेमरीच्या एका पानावर, म्हणजे राखून ठेवलेल्या जागेत, चित्र मांडी आणि मग ते जसेच्या तसे पडद्याच्या पानावर उतरवले जाई. सेकंदाला तीस वेळा ही नक्कल.

"एका घरात दोन चुली कशाला?" ताई म्हणाल्या होत्या. "एका चित्राला पान एकच ठेवू. दोघांनी वापरावं."

चित्र झरझर पळू लागले खरे, पण मधूनच क्रेनचा हुक एकीकडे आणि ओझे भलतीकडे दिसे. अर्धे चित्र जुने, अर्धे नवे.

बुधवारी साहेब म्हणाले, "ताई, उद्या संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर तुमचं सगळं काढून जुनी नक्कल परत बसवू. हळू चालते, पण तोंडघशी पाडत नाही."

गुरुवारी सकाळी माळ्यावरची जुनी वही काढायला ताईंनी बोळातली शिडी घरात आणली. शिडी त्यांची आणि शेजारच्या सत्तरीतल्या घड्याळजींची, निम्मी निम्मी. ती भिंतीला टेकलेली होती, वर कोणी चढलेले दिसत नव्हते. त्यांनी उचलली.

पाच मिनिटांत छपरावरून आरोळी आली.

"अहो ताई! मला वर ठेवून शिडी कुठं निघाली फिरायला?"

घड्याळजी पाण्याची टाकी घासत होते.

खिडकीतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, शिडीवर माणूस दिसला नाही म्हणजे तो खाली आला, हे कुठल्या शाळेत शिकवलं तुला?"

ताई शिडी धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांचा प्रोग्रामही हेच करत होता. पडद्याचा ड्रायव्हर पान वाचताना दिसला नाही, की ते पान प्रोग्राम कॅमेऱ्याला देऊन टाकी. पडद्याने मात्र त्या पानाचा मेमरीतला पत्ता घेऊन ते पुढे दाखवायच्या रांगेत लावलेले असे. वाचणे अजून व्हायचे असे. माणूस छपरावरच होता.

"लावताय शिडी, की मी इथंच संसार थाटू?"

"लावते, लावते! काका, माझं मोठं काम केलंत."

"माझा खाली ठेवलेला चहा गार झाला त्याचं काय? एक कप लागू झाला तुम्हाला."

"दिला समजा!" म्हणत ताई वही न काढताच कार्यालयाकडे पळाल्या.

त्यांनी प्रत्येक पानाला एक आकडा जोडला. पत्ता घेणाऱ्याने तो एकने वाढवायचा, काम संपले की एकने कमी करायचा. शून्य होईपर्यंत पानाला कोणी हात लावायचा नाही. सगळ्या मिळून चौदा ओळी झाल्या. संध्याकाळी सहापर्यंत चाचणी चालली, एकही चित्र फाटले नाही.

शुक्रवारी हुक आणि ओझे शेवटपर्यंत एकमेकांना धरून राहिले. साहेब एवढेच म्हणाले, "जुनी नक्कल आता कायमची काढून टाका." ताईंना तेवढी शाबासकी पुरली.

तेव्हापासून छपरावर जाणारा आपल्या चपला शिडीच्या खालच्या पायरीला अडकवून जातो. चपला दिसल्या की शिडी हलवायची नाही.

घड्याळजींचा एक कप चहा अजून देणे आहे.