सगळ्यांना मनाई

दोन्ही हात पाठीमागे बांधून ते कॉम्प्युटरसमोर उभे राहायचे आणि पडद्याकडे न पाहता आमच्याकडे पाहायचे. "कोनी काय करं ते बठ्ठं सांगा. मी कोनलेच बोलाव नही." सगळं ऐकून घेतल्याशिवाय कीबोर्डला बोट लावत नसत, आणि ऐकून कोणाला रागावतही नसत. यंत्रं दुरुस्त करणारे तुम्हीही पाहिले असतील. आल्या आल्या कपाळाला हात लावतात, आधीच्या माणसाला शिव्या घालतात. आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे भाऊ तसले नव्हते. मूळचे धुळ्याकडचे, राहायला जळगावच्या पिंप्राळ्यात. बिघाड झाला की एस.टी.नं यायचे.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी यावलला केळीच्या एका सोसायटीत ऑपरेटर होते. कोणाची केळी कोणत्या दिवशी कापून ट्रकमध्ये भरायची, ती पाळीची यादी माझ्याकडे. पाळी हुकली की घड झाडावरच पिकतो, आणि पिकलेला माल दिल्लीला कोण नेणार? म्हणून यादीवरून रोज भांडणं. त्यात मॅनेजरसाहेबांचे मेहुणे, मी टाइप न करताच, वरच्या नंबरावर दिसू लागले.

एक दिवस माझं डोकंच फिरलं. जळगावला सहा महिन्यांचा कोर्स केलेला, त्याची घमेंड होतीच. मेहुण्यांना परत खाली त्यांच्या जागी टाकलं आणि यादीच्या फोल्डरला परवानगी लावून टाकली: सगळ्यांना मनाई. आता बघतेच कोण हात लावतो ते! सगळ्यांत मीही आले, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी छापायला गेले, तर उघडेचना. ट्रक दारात. नाना नावाचे एक म्हातारे शेतकरी बाकावर बसलेले. आज तुमची पाळी, असं मीच त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "असू द्या. यादी मी तोंडी सांगतो." नाना माझ्याकडे बघायला लागले. मी भाऊंना जळगावला फोन लावला.

भाऊ आले, हात पाठीमागे बांधले. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"मंग तुम्ही बी बठ्ठास्मा शेतस ना, ताई!" एवढंच म्हणाले आणि बसले. मुख्य पासवर्डनं आत शिरून त्यांनी फोल्डरची मालकी, म्हणजे कोणाला मुभा द्यायची ते ठरवण्याचा हक्क, आधी स्वतःकडे घेतली.

"सगळं खुलं करून टाका भाऊ, ट्रक खोळंबलाय," साहेब म्हणाले.

"खुलं करनं दोन मिन्टंनं काम शे, साहेब." पण केलं नाही. कोण काय बघतं, कोण काय लिहितं, हे शिपायापासून सगळ्यांना विचारत एकेक फाइल सोडवत गेले. "देखाले बठ्ठासले. लिखाले एकलेच." बघायला सगळे, लिहायला एकटी मी.

यादी उघडली. नाना तिसरे, मेहुणे एकोणिसावे. साहेब भाऊंच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होते, ऐकलं मी. "मालकी आता तुमच्याकडेच ना? एक नाव वर घ्या. पुढची कामंही तुम्हालाच."

भाऊ उठले. मला खुर्चीवर बसवलं, मालकी माझ्या नावावर घ्यायला लावली. मग म्हणाले, "आते मना हातमा काहीच नही, साहेब." आवाज अगदी नेहमीचा. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

नानांना त्यांनी आत बोलावलं. नानांना वाचता येत नव्हतं. भाऊंनी त्यांचं बोट धरून पडद्याच्या काचेवर, तिसऱ्या ओळीवर टेकवलं. "आठे शे तुम्हनं नाव."

नानांचा माल त्या दिवशी गेला. भाऊंना साहेबांनी परत कधी बोलावलं नाही. तसं होणार हे त्यांना ठाऊक असणारच. पुढे काही वर्षांनी कामानिमित्त पिंप्राळ्यात गेले, तेव्हा कळलं की भाऊ वारले. मला एवढंच आठवत राहिलं, की त्या दिवशी टळटळीत उन्हात ते स्टँडकडे चालत निघाले, आणि मी यादी छापण्याच्या नादात त्यांना साधा चहाही विचारला नाही.