तुळईचं टोक

मी मुळातच भित्री. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणाऱ्यांपैकी. म्हणूनच आमच्या घराचं जे झालं ते माझ्याच हातून झालं, याचं मला अजून नवल वाटतं.

घर अंधेरीच्या समुद्राकडच्या कोळीवाड्यात, पणजोबांनी बांधलेलं. चुन्याच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं आणि कौलांखाली चारी बाजूंनी हातभर उंचीची लाकडी जाळी. आजूबाजूची अशी घरं एकेक करून पडली, तिथे मजले चढले. आमचं राहिलं, कारण आय, म्हणजे माझी आई, हलायला तयार नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात आय मासळी विकून आली आणि ओटीवरच चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, उकाड्यापासून जपा. मी तिच्या खोलीत एसी बसवला. पण कौलारू घरात एसी लावून उपयोग काय? गार हवा जाळीतून बाहेर जायची आणि कौलांची धग खाली उतरायची. मशीन दिवसभर धापा टाकायचं आणि आय घामाने भिजलेलीच.

पवईच्या ऑफिसात मी मोठमोठ्या इमारतींत वीज कशी वाचेल याचे आराखडे तपासते. म्हटलं, जगाला शहाणपण शिकवते तर स्वतःच्या घराला का नको? कंत्राटदाराला एकच अट घातली, घराचं रूप बदलायचं नाही. त्याने ती पाळली. कौलांखाली फोमच्या चंदेरी शीट ठोकल्या, जाळी आतून बंद केली, चुना झडलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला आणि त्यावर पाणी न शिरणारा रंग दिला. तुळया होत्या तशाच उघड्या ठेवल्या. घर बाहेरून जुनंच दिसे आणि एसी तासभर लावला तरी खोली दुपारभर गार राही. ऑफिसात मी फोटो दाखवत फिरले.

आयची खोली पूर्वी मासळी खारवायची खोली होती. तीन पिढ्या तिथे मिठाच्या राशी भिंतीला टेकून असायच्या. काम चालू असताना आय एवढंच म्हणाली होती, "त्या भिंतीनं मीठ पिलंय गो. तिला वारा लागतो." मी हसले.

आणखी एक गोष्ट मी मोडली. आमच्याकडे दरवर्षी पावसाआधी कौलं परतायची. चुलतभाऊ वर चढायचे, फुटकी कौलं बदलायचे, आणि त्याच दिवशी आय लाकडी मोगरी घेऊन प्रत्येक तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक ठोकून बघायची. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीच्या फळ्या ठोकतात ना, तसंच. आवाज खणखणीत आला तर लाकूड जिवंत. मी म्हटलं, आता वर चढायचं नाही, शीट फाटतील. दोन वर्षं कुणी चढलं नाही आणि मोगरी पलंगाखाली पडून राहिली.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर आयच्या खोलीतला रंग फुगायला लागला. बोट लावलं की पापुद्रा सुटायचा आणि मागे पांढरी भुकटी दिसायची. मी चाखून बघितली. मीठ होतं. मग एका रविवारी दुपारी, आय झोपलेली असताना, वरून आवाज आला. टक. बारीकसा, एकदाच. मी वर बघत राहिले. पाच मिनिटांनी पुन्हा टक. पलंगाच्या उशाकडच्या बाजूच्या बरोबर वर, तुळई जिथे भिंतीत शिरत होती तिथून.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. ऑफिसातून दिवसातून चारदा फोन करायचे. तिने उचलायला उशीर केला की पुन्हा पुन्हा लावायचे. कुणाला सांगायची हिंमत नव्हती. इंजिनियर आला आणि त्याने घर धोकादायक ठरवलं तर आयला बाहेर काढतील आणि ती परत इथे येणार नाही, ही एक भीती. आणि हे माझ्यामुळे झालं हे तिला कळेल, ही दुसरी. खरं सांगायचं तर दुसरी मोठी होती, याची मला लाज वाटते. "पलंग ओटीकडे घेऊया का?" असं मी एकदा विचारलं. आय म्हणाली, "कशाला? मी हाय तिथं बरी हाय." त्या दिवसांत ती पायथ्याकडे डोकं करून झोपायची. मला वाटलं, एसीचा झोत तोंडावर येत असेल.

शेवटी आय बाजारात गेलेली बघून मी होड्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या सुतारकाकांना बोलावलं. काकांनी पलंगाखालची मोगरी घेतली, शिडीवर चढले आणि दाराकडून ठोकत आले. खण. खण. खण. पलंगावरच्या टोकाशी आवाज आला, भद. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. त्यांनी सिमेंट थोडं उकरलं आणि आत पटाशी सारली. ती मुठीपर्यंत शिरली.

"मीठ ओल ओढणार, आणि भिंतीला ती बाहेर सोडूच द्यायची नाय म्हटल्यावर पाणी जाणार कुठं? लाकडात गेलं," काका म्हणाले. त्यांनी हाताखालच्या पोराला हाक मारून होडीचे दोन टेकू मागवले आणि जेवणाआधी तुळई उचलून धरली.

आय परतली तेव्हा खोलीत टेकू उभे होते आणि मी पलंगावर रडत बसले होते. मी सगळं सांगितलं, मीठ, आवाज, महिनाभर गप्प राहिले तेही. तिने टोपली खाली ठेवली आणि वर एकदा बघितलं.

"मना दिवाळीपासून ऐकू येतंय," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू माज्यासाठी एवढ्या हौसेनं केलंस." पदराने हात पुसत ती पायथ्याशी बसली, जिथे आता तिची उशी होती. "म्हणून डोकं इकडं घेतलं. पडलं असतं तर पायांवर पडलं असतं."