फलकावरचा मराठी कागद

तंजावूरच्या आमच्या वाचनालयाचं छत गळायला लागलं, तेव्हा निधीसाठी इथल्या मराठी घराण्यांनी गाण्याचा कार्यक्रम ठरवला. फलकावर तमिळ सूचनेशेजारी हौसेनं एक मराठी सूचनाही लागली. ती वाचता येणारा बहुधा मी एकटाच, कारण इथली घराणी घरात मराठी बोलली तरी लिहितात-वाचतात तमिळच, आणि मी बदली होऊन साताऱ्याहून आलेलो.

त्या घराण्यांतली एक म्हातारी मात्र रोज बाजाराची पिशवी घेऊन त्या सूचनेसमोर उभी राहायची. मी दिसलो की म्हणायची, “वाच अप्पा, मोठ्यानं वाच.” मी वाचायचो. ‘सर्वांनी अगत्य येण्याचे करावे’ आलं की ती डोळे मिटून मान डोलवायची, आणि जाताना कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवायची.

कार्यक्रमाला ती आली नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाली, “तिथं सगळं तमिळच असतं. बोलणं तमिळ, गाणी तमिळ. अमची भाषा ह्या कागदावरच होती.”

निधी कमी पडला, म्हणून पुढच्या महिन्यात चित्रप्रदर्शन आणि जुन्या पुस्तकांची विक्री ठरली. मराठी कुणी वाचत नाही, या वेळी तमिळच पुरे, असं समितीतल्या शहाण्यांनी ठरवून टाकलं. ती आली, पिशवी खाली ठेवून फलकाकडे बघत राहिली. मला राहवेना. म्हटलं, “आजी, मराठीत सांगू?”

“नको. हे मला वाचता येतं,” ती म्हणाली. पहिल्यांदाच ती माझ्याशी तमिळमध्ये बोलली.