हसत हसत

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली युद्धस्मारकाचा काळा दगड आहे. दुपारी तिथे मी आणि मासळी वाळत घालणारी एक म्हातारी, दोघंच होतो. दगडावर युद्धात बुडालेल्या बोटीवरच्या सात गावकऱ्यांची नावं आणि खाली एक ओळ: ‘यांनी हसत हसत प्राण दिले.’

त्या ‘हसत हसत’वर माझा विश्वास बसेना. बोट बुडताना त्यांचे चेहरे पाहायला कोण होतं? शाळेत तीस वर्षं शोकप्रस्ताव मीच लिहायचो. असे शब्द कुठून येतात ते मला ठाऊक आहे. चहा येईपर्यंत टेबलाशी बसल्या बसल्या सुचतात. ज्यांच्याशी कधी धड बोललोही नव्हतो, त्यांनाही मी ‘सदा हसतमुख’ करून टाकलं. म्हणून गुळगुळीत दगडावरचं काही वाचलं की मला आधी लिहिणाऱ्याचाच संशय येतो.

“यात तुमचं कुणी आहे?” मी म्हातारीला विचारलं.

“तिसरा नाव माझ्या आज्याचा. बोटीर जेवाण करी.” ती मासळी उलटत राहिली. “आजी सांगायची, तो घरातसून रडत रडत गेलो.”

“मग ही ओळ बदलायला सांगा की.”

तिने दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“रवांदे तशीच. वाचणाऱ्याक बरा वाटता.”